दारची गाय आणि दानाचे दूध

सोलापूरच्या भवानी पेठेत घोंगडे वस्ती, मड्डी वस्ती, जम्मा वस्ती ही नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात. जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत 'वस्ती' म्हणजे गावठाणापासून दूर, आपल्याच रानात बांधलेले घर. घरापुढे गोठा, गोठ्यात दावण आणि कडेला कडब्याची गंजी. शहरातल्या वस्त्यांत घराला घर लागलेले असते, गोठ्याला जागा नसते आणि दूध पिशवीतून येते. मुरारजी गोकुळदासांनी १८७४ साली सोलापुरात कापडगिरणी काढली, आणि पुढल्या दोनच वर्षांत दख्खनचा महादुष्काळ आला. तेव्हापासून ह्या शहरात माणसांचे जे लोंढे येत राहिले, त्यांतील कितीतरी घरांची दावण आधी रिकामी झाली होती.

आपण आपल्या ख्रिस्ती घराण्यांचा इतिहास लिहितो तो बहुधा बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांवरून, चर्चच्या कोनशिलांवरून आणि शाळांच्या स्मरणिकांवरून. दारात गाय केव्हा आली, कोणाच्या पैशाने आली, तिला चारा कोठून मिळाला आणि तिचे दूध कोण प्याले, ह्याची नोंद त्या वह्यांत सापडत नाही. पण कोरडवाहू मुलखातील गरीब शेतकऱ्याच्या अब्रूचा हिशेब ह्याच प्रश्नांत दडलेला असतो. तो थोडा मांडून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

सोलापूर, सांगली आणि सातारा ह्या जिल्ह्यांचा कोरडा पट्टा हे खिल्लार गोवंशाचे माहेर. पांढरटसर रंगाची, लांब, मागे झुकून पुन्हा वर गेलेल्या टोकदार शिंगांची ही जनावरे चपळाईसाठी प्रसिद्ध. सांगोल्याचा बाजार, कार्तिकी यात्रेच्या वेळी पंढरपूरजवळ वाखरीला भरणारा बाजार आणि सोलापुरातच सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जोडून भरणारा जनावरांचा बाजार, ही त्यांच्या खरेदी-विक्रीची ठिकाणे. मात्र ह्या बाजारांत भाव होता तो खोंडाला. गाईची किंमत ती कसे खोंड देते ह्यावर ठरे. खिल्लार गाय एका वेताला मोजके काहीशे लिटर दूध देते, आणि वासरू लुचल्याशिवाय ती पान्हाही सोडत नाही. शेतकरी वासराला पोटभर पिऊ देई, कारण तेच उद्या नांगर ओढणार. उरेल ते घरात येई. तेव्हा ज्याला आज आपण दुभती गाय म्हणतो, ती कल्पनाच ह्या मुलखात उपरी होती. दुधासाठी म्हैस असे, तीही गवळ्याकडे. तलवारीसारख्या लांबलचक शिंगांची पंढरपुरी म्हैस घेऊन गवळी गिऱ्हाइकाच्या दारात जाई आणि त्याच्या डोळ्यांदेखत धार काढून देई. कोल्हापुरात दूधकट्ट्यांवर ही रीत अगदी अलीकडेपर्यंत पाहायला मिळाली आहे. दुधात पाणी नाही ह्याची खात्री पटवण्याचा दुसरा उपाय त्या काळी नव्हता. पाण्याच्या ह्या शंकेकडे पुढे पुन्हा यावे लागेल, कारण तिच्या पोटात आणखी एक शंका आहे.

जमिनीचे तुकडे होत गेले तसा गोठाही लहान होत गेला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मान ह्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास करून १९१७ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात १७७१ साली सरासरी चाळीस एकरांचे असलेले खाते १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आल्याचे दाखवले आहे. सात एकर कोरडवाहूवर बैलजोडी पोसायची, तर गाईच्या वाट्याला काय उरणार? त्याच्याही आधी, १८८३ साली, महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायराने व कुरणे जंगल खात्याच्या ताब्यात गेल्याने शेतकऱ्याची जनावरे कशी उपाशी मरू लागली, हे कळवळून मांडले होते. जनावर आधी चाऱ्यावाचून जाते आणि मग बाजारात जाते, हा क्रम १८७६ च्या दुष्काळात होता, १८९६ आणि १८९९ च्या दुष्काळांत होता, आणि १९७२ सालीही तोच होता. मोहोळजवळचा आष्टीचा तलाव त्या पहिल्या दुष्काळाच्या कामांतून उभा राहिला. त्यावर माती वाहणाऱ्या हजारोंच्या घरी तेव्हा किती खुंटे रिकामे होते, हे कोणत्याही दप्तरात मोजलेले नाही.

हे झाले ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे. आपल्यातील पुष्कळांचे पूर्वज मात्र गावकुसाबाहेरचे होते, आणि त्यांचा गाईशी संबंध गावाने ठरवून दिलेला होता. तो होता मेलेल्या गाईशी. गावात जनावर मेले की ते ओढून नेणे हे महारांचे वतनी काम. त्याबद्दल मेलेल्या जनावराचे मांस त्यांच्या वाट्याला येई, तर कातड्यावरून तंटे होत. जिवंत गाय बाळगण्याला उघड मनाई असेच असे नाही, पण बाळगून तिचे करायचे काय? गायरानात जनावर सोडायचे तर गावाची मर्जी हवी. पाणवठा बंद. दूध विकायचे तर घेणार कोण? शास्त्राच्या चर्चेत दूध-तूप शुद्ध मानले, तरी दुधात पाणी घातले असेल ही शंका कायमची, आणि महारवाड्यातले पाणी म्हणजे विटाळ. गवळ्याला दारात धार काढून पाण्याची शंका फेडता येत होती. महारवाड्यातील बाईला ती सोय नव्हती, कारण तिला त्या दारातच उभे राहता येत नव्हते. ज्या घरांना जनावर मेल्यावर हक्काने बोलावणे येई, त्यांच्या हातचे दूध मात्र रतिबाला चालत नसे. गावगाड्याच्या साऱ्या अन्यायांत हा मला विशेष क्रूर वाटतो; त्यात उपासमारही आहे आणि वर किळसही आहे.

१८७८ पासून, म्हणजे महादुष्काळाच्या शेवटी, जर्मन येशूसंघीय धर्मगुरू सोलापूरला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) काम करू लागले. केंदळ, वळण, संगमनेर, राहाता ही त्या इतिहासातील नावे आपल्या वाचकांना परिचित आहेत. केंदळहूनच १९०३ साली फादर हेन्री डोरिंग ह्यांनी 'निरोप्या' सुरू केले. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत नगर आणि सोलापूर हे दोन्ही जिल्हे पुण्याच्याच धर्मप्रांतात होते, त्यामुळे तिकडची कहाणी इकडची नाही असे म्हणता येत नाही. मिशनने शाळा दिली, औषध दिले, आणि माणसाला नावाने हाक मारली. पण महारकी ही गावाची व्यवस्था होती आणि ती वतनाला बांधलेली होती. धर्म बदलल्याने ती अनेक ठिकाणी सुटली नाही. मेलेली ढोरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका, हा निर्धार मोठ्या प्रमाणावर घडवला तो १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतरच्या आंबेडकरी चळवळीने. हलकी गावकामाची वतने कायद्याने नष्ट करणारा अधिनियम तर १९५८ सालचा. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना डॉ. आंबेडकरांनी आपल्याला एक कडू गोष्ट ऐकवली होती: शिक्षण मिळूनही हा समाज आपल्यावरील अन्यायाविरुद्ध राजकीयदृष्ट्या उभा राहत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ती टीका आपल्या नियतकालिकांतून फारशी आठवली जात नाही. आठवायला हवी, कारण गायरान, पाणवठा आणि दूध हे तिन्ही प्रश्न केवळ दयेने सुटणारे नव्हते.

स्वातंत्र्यानंतर दूध आले ते भुकटीच्या रूपाने. अमेरिकेच्या १९५४ सालच्या 'पीएल ४८०' कायद्याखाली गहू, मका, तेल आणि दुधाची भुकटी भारतात येऊ लागली, आणि तिचा काही भाग कॅथलिक मदतसंस्थांमार्फत धर्मग्रामांपर्यंत पोहोचला. मिशनच्या आवारात मोठ्या पातेल्यांत ती भुकटी कालवली जाई आणि मुले रांगेने पेले घेऊन उभी राहत. त्या दुधाने मुले जगली, ह्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण त्याच पेल्याने एक टोमणाही जन्माला घातला. 'पोटासाठी बाटलेले' हे शब्द ज्यांनी शाळेच्या वाटेवर ऐकले, त्यांना तो विसरता आलेला नाही. टोमणा मारणाऱ्यांच्या घरी गाय होती आणि ऐकणाऱ्यांच्या घरी ती का नव्हती, हे मात्र कोणी विचारले नाही.

दानाचे दूध आणि दारची गाय ह्यांतील फरक ज्याने नेमका ओळखला, असा एक अमेरिकन शेतकरी होऊन गेला. डॅन वेस्ट हे त्याचे नाव. ब्रेदरन पंथाचा हा कार्यकर्ता स्पेनच्या यादवी युद्धात निर्वासितांना दूध वाटत असे. दूध थोडे आणि मुले पुष्कळ, तेव्हा कोणत्या मुलाला द्यायचे हे रोज ठरवताना त्याला सुचले की ह्यांना पेल्याऐवजी गायच द्यावी. १९४४ साली त्याच्या संस्थेने सतरा कालवडी पोर्तो रिकोला पाठवल्या. अट एकच होती: पहिली मादी वासरी शेजारच्या गरजू कुटुंबाला द्यायची. घेणारा अशा रीतीने देणारा होई. आपल्याकडे ह्याच्याशी दूरचे नाते सांगणारी 'अर्धली'ची रीत आहेच. ज्याच्याकडे जनावर नाही, त्याने दुसऱ्याची कालवड वाढवायची, आणि ती व्याली की किंमत अर्धी-अर्धी वाटून घ्यायची. भूमिहीन घरांत गाय शिरली ती पुष्कळदा ह्याच वाटेने. ह्यात दान नव्हते, व्यवहार होता, आणि मालक पुष्कळदा कठोरही असे. पण वाढवणाऱ्याला मान खाली घालावी लागत नसे.

भुकटीचा दुसरा एक इतिहासही ह्याच वेळी घडत होता. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले डॉ. वर्गीज कुरियन (पुढे ते स्वतःला निरीश्वरवादी म्हणवीत) ह्यांनी १९७० साली 'दूधमहापूर' योजना सुरू केली. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत युरोपातील शिलकी साठ्यांतून १ लाख २६ हजार टन दुधाची भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगी म्हणून मिळाले. ही भुकटी त्यांनी फुकट वाटली नाही. शहरांतील दूधशाळांत तिचे दूध करून विकले आणि आलेला पैसा खेड्यांतील दूध संकलनात घातला. परक्या देशाची तीच भुकटी आपल्या आवारात पेल्यांत संपत होती, तिकडे ती भांडवल होत होती. ह्या योजनेवर टीकाही कठोर झाली. गोव्याचे क्लॉड अल्वारिस ह्यांनी १९८३ साली 'इलस्ट्रेटेड वीकली'त लिहिलेल्या लेखाने मोठी खळबळ माजवली. खेड्यातील मुलाच्या तोंडचे दूध शहराकडे वळते, हा त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. ज्या घरात पूर्वी निदान ताक उरे, तिथे चहापुरते राखून सारे दूध कॅनमध्ये जाऊ लागले. तरीही एक गोष्ट ह्या कॅनने केली, जी शतकांत कोणी केली नव्हती. संकलन केंद्रावर दुधाचे फॅट पाहतात, घर पाहत नाहीत. पाण्याची शंका नळीत आणि लॅक्टोमीटरवर फिटते. एकदा दूध कॅनमध्ये पडले की पाटलाचे कोणते आणि महारवाड्यातले कोणते, हे सांगता येत नाही. काही गावांत आरंभी ह्यावरूनही कुरबुर झाली असणार, पण दहा दिवसांच्या पगाराने पुष्कळ तोंडे बंद केली.

कॅन भरायचा तर खिल्लार पुरत नव्हती. पुणे-सोलापूर रस्त्यावरील उरुळी कांचनला १९४६ साली गांधीजींनी निसर्गोपचार आश्रम स्थापला आणि तो सांभाळायला मणिभाई देसाई मागे राहिले. त्यांनी १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. जर्सी आणि होल्स्टीन वळूंचे गोठवलेले रेत घेऊन तिचे कार्यकर्ते शेतकऱ्याच्या दारात जात आणि गावठी गाईला संकरित कालवड होई. मणिभाईंना १९८२ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाय ही भूमिहीनाचे शेत होऊ शकते, हा त्यांच्या कामामागचा विश्वास होता. तो खरा ठरला तो मात्र जिथे चारा आणि पाणी होते तिथे. सरकारने हाच विश्वास १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या कर्जातून देशभर नेला आणि तिथे त्याची गत झाली. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्याच्या दारात कर्जाची गाय बांधली गेली. वैरण विकत, पेंड विकत, आणि गाय भाकड झाली तरी हप्ता चालूच. सहा महिन्यांत गाय बाजारात जाई आणि कर्ज तेवढे दारात राही.

म्हणून ह्या साऱ्या कथेत गाईपेक्षा वैरणीचे महत्त्व अधिक आहे, असे म्हणावे लागते. सोलापूरची खरी वैरण म्हणजे रब्बी ज्वारीचा कडबा. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात निवडलेली 'मालदांडी ३५-१' ही ज्वारी अजून टिकून आहे, कारण तिची भाकरी गोड आणि कडबाही गोड. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उलट, १९६४ पासून आलेल्या संकरित ज्वारीने दाण्याचे उत्पन्न वाढवले, पण ताट आखूड झाले आणि कडबा घटला. ज्यांनी ते वाण काढले त्यांनी दाणे मोजले. गाईचा वाटा मोजायचे राहून गेले. पुढे १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भीमेकाठी ऊस आला, आणि कडब्याची जागा उसाच्या वाढ्यांनी घेतली. वाढे हिरवेगार दिसतात, पण त्यांतील ऑक्झलेटमुळे गाईच्या अंगातील कॅल्शियम बांधले जाते. केवळ वाढ्यांवर ठेवलेली दुभती गाय खंगते; व्याल्यावर उठत नाही. जाणती माणसे वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतात आणि त्यांत कडबा कालवतात.

वैरणीचा हा प्रश्न मुळापासून धरला तो एका येशूसंघीयाने. फादर हर्मन बाखर १९४८ साली स्वित्झर्लंडहून आले. नगरच्या 'सोशल सेंटर'मधून आरंभी त्यांनी विहिरी, पंप, कर्जे ह्यांचेच काम केले. पण विहिरी आटत गेल्या, तेव्हा पाणी वर उपसण्याआधी ते जमिनीत मुरवले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आणि १९९३ साली फादर क्रिस्पिनो लोबो ह्यांच्यासह उभारलेली 'वॉटर' ही संस्था त्यातून आली. फादर बाखर २०२१ साली निवर्तले. पाणलोटाच्या गावांत डोंगरावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी लागू होते. दोन-तीन पावसाळ्यांत गवत उभे राहते. ते कापून आणायचे आणि जनावर दावणीला बांधून खाऊ घालायचे. दहा खंगलेल्या जनावरांऐवजी दोन दुभती, हा त्यातला हिशेब. हिशेब बरोबर आहे, पण तो सर्वांना सारखा लागू पडत नाही. शेळ्यांवर जगणाऱ्या भूमिहीन बाईला चराईबंदीची पहिली वर्षे जड गेली, आणि बांधावरचे गवत कापून डोक्यावरून आणण्याचे काम सगळीकडे बायकांच्याच वाट्याला आले. डोंगर सर्वांचा असेल तर त्यावरच्या गवतात भूमिहीनाचाही वाटा लिहून ठेवला पाहिजे. जिथे ग्रामसभेने तो लिहिला, तिथे काम टिकले.

जाता जाता एक सांगतो. नाताळच्या गोठ्यात बैल आणि गाढव ठेवण्याची प्रथा शुभवर्तमानातून आलेली नाही. संत लूकने फक्त गव्हाणीचा उल्लेख केला आहे. बैल-गाढव आले ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायावरून, आणि १२२३ साली ग्रेचोच्या डोंगरात संत फ्रान्सिसने खराखुरा चारा घालून, जिवंत जनावरे बांधून गोठा मांडला तेव्हापासून ते लोकांच्या मनात कायमचे बसले. आपल्या धर्मग्रामांतील गोठ्यांत जी प्लॅस्टरची गाय असते, तिला बहुधा वशिंड नसते. ती युरोपातली गाय. वशिंडाची खिल्लार गव्हाणीशी बसलेली मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. मूर्तिकारांनी एवढे मनावर घ्यायला हरकत नाही.

प्लॅस्टरची असो वा खरी, बिनवशिंडाची गाय आता आपल्या दारातही उभी आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ४० लाख गोवंश मोजला गेला, २०१२ पेक्षा दहा टक्क्यांनी कमी. दारात एकच गाय असलेले घर आज सर्वांत अडचणीत आहे. संकरित दुभत्या गाईला दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते. टंचाईत टँकरचे पाणी माणशी वीस लिटर ह्या हिशेबाने येते. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत सांगोला, मंगळवेढा भागांत चारा छावण्या उघडल्या, तेव्हा कुटुंबेच्या कुटुंबे जनावरांसह छावणीत राहायला गेली. संकरित गोऱ्हा नांगराला चालत नाही, त्याला गिऱ्हाईक नाही. गोवधबंदी १९७६ च्या कायद्यानेच होती. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्यात आले, तेव्हापासून म्हातारे किंवा निरुपयोगी जनावर विकून नवे घेण्याचा जुना मार्ग अरुंद झाला आहे. ह्या कायद्याची चर्चा आपल्याकडे धर्माच्या अंगाने फार होते आणि वैरणीच्या अंगाने होतच नाही. भाकड जनावराची वैरण कोणी घालायची, हे ज्याच्याकडे एकच खुंटा आहे त्याला विचारायला हवे.

२०२२ साली लम्पी त्वचारोग आला. अंगभर गाठी, ताप, पायांवर सूज. कित्येक गाई उभ्या उभ्या गेल्या. शासनाने दगावलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपये मदत जाहीर केली. त्या निमित्ताने गावोगावी पंचनामे झाले. गाईच्या कानातील पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडे असतात आणि नोंदीत त्यांच्यापुढे मालकाचे नाव. एके काळी ज्या आळीला मेलेले जनावर ओढायलाच बोलावले जाई, त्या आळीतील माणूस आता आपल्या मेलेल्या गाईचा मालक म्हणून पंचनाम्यावर सही करत होता. नोंदीतले नाव बहुतेक घरांत पुरुषाचे होते. धार काढणारी, वैरण आणणारी, आजारी गाईच्या अंगावर हळद आणि कडुनिंबाचा लेप लावणारी बाई मागे उभी होती. तिचे नाव त्या रकान्यात अजून चढायचे आहे.